तिसऱ्या घंटेआधीचा नारळ

हौसा कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यासमोर वाकली आणि माझा डावा हात पदरासकट नाकापाशी गेला. एवढंच झालं. सभागृहातले दिवे अजून चालू होते, दुसरी घंटा होऊन गेली होती, आणि तिचा नातू प्रविण माइकवर सांगत होता की आमच्या आजीच्या इच्छेनुसार आजचा नारळ पेणच्या लतिका वहिनींच्या हातानं वाढवला जाईल. हौसा स्वतः स्टेजवरून उतरून आली होती, लाकडी पायऱ्यांवर एकेक पाऊल जपून टाकत, नारळ काखेत आणि करंडा हातात. लोक माना वळवून बघत होते. कुंकवात बुडवलेलं तिचं बोट माझ्या कपाळापासून वितीवर थांबलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पदराकडे बघत होती. मी मान हलवली, नको म्हणून. पदराआडून काहीतरी बोललेही, पण काय ते मलाच ऐकू आलं नाही. मग तिनं ते बोट नारळाला पुसलं, “ऱ्हाव दे,” म्हणाली आणि आली तशी परत गेली. चढताना प्रविणनं तिला हात दिला. नारळ तिनंच वाढवला. पहिल्यांदा तो फुटला नाही, नुसता दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. दुसऱ्यांदा फुटला. तिसरी घंटा झाली, दिवे गेले, आणि अंधारात हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “बरं केलंस. वास आला असता.”

वास. खरंच की. मी केवढ्या तरी आभारानं मान डोलावली.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून ही संध्याकाळ. अद्वय आणि उर्वी, मुलगा आणि सून, दोघं तिकडे परदेशात. पण टेबल तिथूनच राखून ठेवलं होतं, हॉटेलही त्यांनीच फोनवर बघून ठरवलं होतं. पेणमध्ये नको, हे एवढंच ह्यांचं म्हणणं. पेणमध्ये ह्यांचा विद्यार्थी नाही असा एक रस्ता नाही; त्र्यंबक सर दिसले की माणसं स्कूटर थांबवून उतरतात. निवृत्तीनंतर हे संध्याकाळी थोडी घेतात, दार लावून, पडदा ओढून, आणि बाटली धान्याच्या डब्यामागे असते. तेव्हा रोहा. रोह्यात आम्हाला कोण ओळखतंय. उर्वी फोनवर म्हणाली होती, आई, तुम्हीही वाइन घेऊन बघा, द्राक्षांचीच असते शेवटी. मी हसण्यावारी नेलं होतं. पण त्या हॉटेलात, थंडगार खोलीत, निळ्या दिव्याखाली, उकडलेले शेंगदाणे आणि कांदा-टोमॅटो पुढ्यात आल्यावर ह्यांनी माझ्यासाठी एक ग्लास मागवला, आणि मी नको म्हटलं नाही. लाल, गोड, लहानपणी खोकल्यावर देत त्या औषधाच्या वळणावर जाणारी चव. दुसऱ्या घोटाला कान गरम झाले. तिसऱ्याला मला माझी आई आठवली, आणि तिनं मला असं पाहिलं असतं तर, हेही आठवलं, आणि तरी मी प्यायले. मला ते आवडलं, हे इथे लिहायला हरकत नाही. ह्यांनी व्हिस्की घेतली. मग मॅनेजर बिल घेऊन आला आणि ह्यांच्याकडे निरखून बघत म्हणाला, सर, तुम्ही पेणचे ना, आठवीला गणित. ह्यांनी ग्लास मेनूकार्डामागे सरकवला, सत्तरी उलटलेल्या माणसानं, चिंच चोरून खाणाऱ्या पोरानं लपवावी तसा. मॅनेजरनं वाकून नमस्कार केला. हे त्याला आशीर्वाद देताना तोंड बाजूला वळवून बोलले. मला हसू आलं होतं तेव्हा. गाडीत बसल्यावरही येत होतं. बडीशेप तोंडात टाकून आम्ही नाटकाला आलो.

नाटकाचे पास किमयानं घरी आणून दिले होते. किमया म्हणजे हौसाची नात, प्रविणची धाकटी बहीण. धाटावला कंपनीच्या लॅबमध्ये असते. ह्या भावंडांनी तिथल्याच मुलामुलींचं मंडळ काढलंय. कोणाची पहिली शिफ्ट, कोणाची रात्रीची. एकमेकांच्या शिफ्ट बदलून तालमी करतात आणि वर्षाला एक नाटक उभं करतात. त्यांची रीत अशी की तिसऱ्या घंटेआधी नारळ हौसानं वाढवायचा. नटराजाची मूर्ती असते, पण नारळ आजीचा. ती एकदा तापानं पडली होती तेव्हा तिच्यासाठी प्रयोग पुढे ढकलला होता, म्हणे. किमयानं पास देताना सांगितलं होतं, “आजीनं निरोप दिलाय, वयनीला पुढं बसवायची. अन् उशीर नाय करायचा.” का, ते तिनं सांगितलं नाही, नुसती हसली. मला वाटलं, म्हातारीला मला नातीचं काम दाखवायचंय. मी ह्यांना म्हटलं, रोह्याला जायचंच आहे तर त्याच दिवशी जाऊ, एका पेट्रोलात दोन कामं. आता अंधारात ते हसू मला कळत होतं. हौसा कितीतरी दिवस हे मनात धरून बसली असणार. आपला मान दुसरीला द्यायचा. तिच्याजवळ देण्यासारखं ते एकच होतं, आणि ते घेऊन ती पायऱ्या उतरून आली होती.

स्टेजवर एक स्वयंपाकघर होतं. भिंती हमरापूरच्या कोणा मूर्ती रंगवणाऱ्यानं रंगवलेल्या. गणपतीच्या तळहाताला देतात तो गुलाबी रंग सगळ्या भिंतीभर होता. नाटक गमतीचं होतं. एका घरात सासरा, मुलगा, सून, सगळे वेगवेगळ्या शिफ्टला, त्यामुळे कोणी कोणाला भेटत नाही, एकमेकांसाठी झाकून ठेवलेल्या ताटांवरूनच भांडणं होतात. किमया सून झाली होती. ती झाकण उघडून ताटाशीच भांडायची आणि लोक हसत होते. हेही हसत होते. मी हसले नाही. माझं लक्ष बाजूच्या काळ्या पडद्याखाली होतं. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता, आणि त्या फटीतून दोन पाय दिसत होते. हौसाचे. ती विंगेत उभी राहून बघत असणार. टाचा चिरलेल्या, बोटं फाकलेली, खाडीच्या चिखलात जन्म गेल्यासारखी जमिनीला धरून. एकदा एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवली. मग ते पाय निघून गेले, आणि पुन्हा आले नाहीत. पुढच्या प्रसंगाला सगळं सभागृह हसलं तेव्हाही आले नाहीत.

हे पाय मी सून म्हणून आले त्या वर्षी पहिल्यांदा पाहिले. आमचं मिठागर तेव्हा चालू होतं. खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, पांढरं धरलं की लांब दांड्याच्या फळीनं ओढून काठाला ढीग घालायचे. हौसा आणि तिचा नवरा कान्हू आमच्याकडे पिढीजात. मी घाटावरची, मास्तरांची मुलगी. मला ती पांढरी जमीन बघून वेड लागायचं बाकी होतं. घरात मासळी येत नसे. आगरातली माणसं मागच्या अंगणात येत, पडवीच्या पायरीशी उभी राहत, आणि सासूबाई बाहेर आल्या की त्यांचा डावा हात पदर घेऊन नाकाशी जाई. त्या वाईट नव्हत्या. दिवाळीला सगळ्यांना लुगडी देत, कोणाचं पोर आजारी असलं तर काढा करून पाठवत, बोलणंही गोड. पदराआडून गोड बोलत. धूळ उडाली की डोळे मिटतात, त्यात धुळीवर राग कुठे असतो. जावाही तसंच करत. मला कोणी शिकवलं नाही. नव्या घरात कुठल्या दाराला डोकं वाकवायचं हे जसं आपोआप अंगात येतं तसं ते आलं असणार. मी मात्र पन्नास वर्षं अशा समजुतीत काढली की मी त्या घरातली वेगळी. हौसाची मुलगी सरू, तिला पाटीवर अक्षरं मी शिकवली, पडवीत, सासूबाईंची वामकुक्षी चालू असताना. सरू पाटी घेऊन माझ्यापासून चार हात लांब बसायची. जवळ ये म्हटलं तरी येत नसे. मी पाटी मागितली की जमिनीवरून सरकवायची. मी म्हणायची, किती लाजरी पोर. अद्वयला, उर्वीला, कितीदा सांगितलं असेल मी हे, की सरू फार लाजरी होती. आणि आज ह्या खुर्चीत बसून, पुढे लोक हसत असताना, मला पहिल्यांदा वाटलं की त्या पोरीनं मोजलं असेल. किती अंतरावर बसलं की पदर वर जात नाही, ते.

ते मी झटकून टाकलं. आजचा पदर वाइनचा, असं स्वतःला म्हटलं. तोंडाला वास येत असताना नारळाला हात कसा लावायचा? कुंकू कसं लावून घ्यायचं? आणि ते तिला सगळ्यांसमोर सांगणार कसं? ह्याच घरानं कान्हूला तोंडाला दारूचा वास आला म्हणून पडवीच्या पायरीवरून खाली उतरवलं होतं, सासरे पायातली चप्पल हातात घेऊन उभे होते, आणि हौसा बाजूला मान खाली घालून. त्या घरातली मी. ते मला कसं सांगता येणार होतं. हे कारण सगळं बरोबर जुळत होतं. जुळत होतं म्हणूनच मला बरं वाटेना.

मी पुन्हा पहिल्यापासून गेले. हौसा पायऱ्या उतरते आहे. मला बरं वाटतंय, किंचित तरंगल्यासारखं. मी तिच्याकडे बघून हसतेसुद्धा आहे. ती समोर येते. वाकते. आणि ती पोचायच्या आधी तिचा वास पोचतो, खोबरेल, चुलीचा धूर, आणि त्याखाली सुकट, अंगात मुरलेलं, धुवून न जाणारं. मग हात. मग तिचं थांबलेलं बोट. मग नारळ, हशा, अंधार. मग हे म्हणतात, बरं केलंस. वाइन तिथे येते. त्याच्या आधी कुठेही वाइन नाही. मी किती शोधली. हात वर जाण्याच्या आधी एक क्षणभर तरी मला ग्लास आठवला असेल, आठवला असलाच पाहिजे, म्हणून मी त्या एवढ्याशा जागेत पुन्हा पुन्हा चाचपडत राहिले, अंधाऱ्या कोठीत काडेपेटी शोधावी तशी. तिथे नुसता वास होता आणि हात होता. ह्यांना दारू घेतल्याची लाज वाटत होती, ती मी घाईनं उचलून अंगावर घेतली. तिच्याखाली माझी झाकली गेली.

एक आठवण मी फार जपून ठेवली आहे. अद्वयच्या वेळेला मला काही म्हणता काही जात नव्हतं. एके दिवशी ह्यांच्याबरोबर आगरावर गेले होते. हे बांध बघायला पुढे गेले आणि मी हौसाच्या झोपडीच्या सावलीत बसले. तिनं तांदळाची भाकरी भाजली होती. त्या गरम पिठाच्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिला ते कळलं. तिनं काही विचारलं नाही, भाकरीचा चतकोर मोडून पुढे केला. त्यावर मिठाचे दोन खडे. मी तो खाल्ला. घरी कोणाला सांगितलं नाही, पण मनात मी तेवढ्यावर जगले आहे. कोणी जातिपातीचं बोललं की मला तो चतकोर आठवे आणि मी मनातल्या मनात ताठ होई. आता मी तो पुन्हा समोर आणला. सगळं दिसत होतं. पांढरं ऊन, पायाला टोचणारं मीठ, तिच्या कोपराला लागलेलं पीठ, चटका बसू नये म्हणून मी उजव्या हाताच्या तीन बोटांत धरलेली भाकरी. डावा हात दिसत नव्हता. मांडीवर होता का? जमिनीला टेकलेला होता? मी त्या जुन्या चित्रात खाली वाकून बघितलं. तो कुठे होता ते काही केल्या दिसेना.

मध्यंतराला दिवे लागले. हे म्हणाले, निघू या, रस्ता खराब आहे. मी म्हटलं, मला हौसाला भेटायचंय. ह्यांचा चेहरा उतरला. “भेटून काय सांगणार आहेस?” मी म्हटलं, खरं ते. “कशाला? सर्दी झालीय म्हणून सांग. खोकला आला म्हण.” मग आवाज खाली आणून, “लतिका, माझाही विचार कर. सगळ्या पेणला कळेल.” इतकी वर्षं मी ह्यांचाच विचार करत आले, त्यामुळे त्याची सवय होती, पण आज उठले. ह्यांनी माझा हात धरला नाही. खुर्चीत बसून चष्मा पुसायला घेतला. मला त्यांची दया आली. आणि मनात हेही होतं की ज्या खऱ्याची त्यांना भीती वाटतेय ते सोपं खरं आहे. मी तेच घेऊन चाललेय, कारण दुसरं मला उचलत नाही.

शाळेचं सभागृह असल्यामुळे रंगपट म्हणजे मागचा एक वर्ग होता. फळ्यावर कोणीतरी एंट्र्यांचा क्रम लिहिला होता. पोरं घामेजलेली, कोणी मिशी चिकटवतंय, कोणी चहा पितंय. हौसा पहिलीच्या मुलांच्या ठेंगण्या बाकावर बसून सुरीनं खोबऱ्याचे तुकडे करत होती. किमयानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून आरशातली टिकली सारखी करू लागली. प्रविण खुर्ची आणायला म्हणून निघून गेला आणि आला नाही. हौसा म्हणाली, बसा वयनी, पन हितं बसायला काय चांगला नाय. तिचा आवाज नेहमीचा होता. आमच्या अंगणातला. वर न बघता बोलायचा.

मी तिच्या बाजूला त्या ठेंगण्या बाकावर बसले. गुडघे पोटाशी आले. म्हटलं, “हौसा, मी नारळ का नाही घेतला, माहितेय?”

“ऱ्हाव द्या ना. झाला ता झाला.”

“मी घेतलीय.”

तिला कळलं नाही. मी तिच्याकडे वळून तोंड उघडलं आणि श्वास सोडला, डॉक्टरपुढे सोडतात तसा. ती जराशी पुढे आली. नाक आक्रसलं. पुन्हा एकदा हुंगलं. आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडत गेलं. सुरकुत्या एकेक करून वर उचलल्या गेल्या.

“आगो बाय,” ती हळूच म्हणाली. “तुमी?”

मी मान डोलावली.

“सायबांनी पाजली?”

“मीच प्यायले.”

मग ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, सुरी बाजूला ठेवून. किमयाला हाक मारली. “आयकलास काय गो? वयनी घेऊन आल्यान. म्हनून पदर. अन् मी येडी, माना वाटला...” तिनं हात हवेत फिरवला, ते काय वाटलं होतं ते पुसून टाकल्यासारखा. किमया वळली. तिच्या रंगवलेल्या चेहऱ्यावर आधी संशय होता, मग तीही हसली, आणि मिशी लावणारा म्हणाला की काकू, आधी सांगायचं ना, इथं सासऱ्याचं काम करणारा घेतल्याबिगर एंट्रीच करत नाय. सगळा वर्ग हसला. प्रविण खुर्ची घेऊन दारात उभा होता, तोही. हौसानं डोळे पुसले. “आमचा कान्हू पायजे व्हता आज,” ती म्हणाली. “म्हनला असता, वयनी आता आपल्यातल्या झाल्या.”

इतकं सोपं होतं. इतक्या प्रेमानं तिनं मला सोडून दिलं, आणि तेही खरं नसलेल्या कारणासाठी. तो हात फिरवून तिनं जे पुसलं ते खरं होतं, आणि ती स्वतःला येडी म्हणत होती. मला बोलायला हवं होतं. हौसा, तुला वाटलं तेच होतं, एवढंच. चार शब्द. ते जिभेपर्यंत आले आणि तिथे वाइनची गोड चव होती, आणि वर्ग हसत होता, आणि तिचा हलणारा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. पुढच्या अंकाची घंटा झाली. पोरं पळाली. किमया जाता जाता माझ्या पायाला हात लावून गेली, घाईत, टिकली वाकडीच होती.

वर्गात आम्ही दोघीच उरलो. “आता तं लावून घ्याल?” असं विचारून हौसानं करंडा उघडला आणि माझ्यापुढे वाकली. तोच वास आला. खोबरेल, धूर, सुकट. तिच्या बोटाचा गार स्पर्श कपाळाला झाला. मी हलले नाही. डावा हात मी मांडीवर उजव्या हातात घट्ट धरून ठेवला होता, इतका की बांगडी मनगटात रुतत होती.

“घ्या, परसाद,” ती म्हणाली आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढे धरला. तिच्या तळहातावर तो पांढराशुभ्र दिसत होता, कडेला तपकिरी साल. ती हसत होती, थांबली होती. प्रसाद उजव्या हातानं घ्यायचा. त्यासाठी मला डावा हात सोडावा लागणार होता.